बंदुकीवरची दुर्बीण घ्यावी का?

भाताचा दाणा भरू लागला की खानापूरकडच्या रानालगतच्या शेतांत आणि गोव्यात सत्तरीच्या बाजूला रानडुकरांचे कळप उतरू लागतात. चार महिन्यांची मेहनत एका रात्रीत लोळवली जाते. अशा वेळी शेतरक्षणाची बंदूक असलेले काही बांधव विचारतात, "हल्ली स्वस्तात दुर्बीण मिळते. ती बंदुकीवर बसवली तर नेम चांगला लागेल ना?" प्रश्न साधा आहे, पण त्यात पैशाचा, कायद्याचा आणि माणसाच्या जिवाचा संबंध येतो. म्हणून थोडे सविस्तर पाहू.

कायदा काय म्हणतो?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या देशात हौसेची शिकार बंद झाली आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. गवा आणि मोर पहिल्या अनुसूचीत आहेत. दुसऱ्या अनुसूचीतील जनावर उभ्या पिकाला धोकादायक झाले असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी कारणे नोंदवून लेखी आदेश देऊ शकतो. असा आदेश हाती नसताना गोळी घालणे हा गुन्हा आहे. जनावर अंगावर आले आणि जीव वाचवण्यासाठी मारावे लागले, तर कायदा सूट देतो. पण पीक वाचवणे म्हणजे जीव वाचवणे नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

बंदुकीचा परवाना ही वेगळी बाब आहे. परवान्याने बंदूक बाळगता येते, जनावर मारण्याची मुभा मिळत नाही. बिनपरवान्याच्या एअरगनलाही हेच लागू आहे. शिवाय एअरगनच्या छर्ऱ्याने डुक्कर मरत नाही, जखमी होते, आणि जखमी डुक्कर माणसावर उलटते.

दुर्बीण कोणत्या बंदुकीला शोभते?

१९५९ च्या शस्त्र कायद्यात शेतरक्षणासाठी ठासणीची बंदूक सांगितली आहे. ती पुरेशी नाही असे अधिकाऱ्याला पटले, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मिळू शकते. रायफल ही निराळी वस्तू. रायफलच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात. त्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते आणि लांबचा नेम साधतो. दुर्बिणीचा उपयोग तिथेच.

गुळगुळीत नळीतून सुटलेले छर्रे जसजसे पुढे जातात तसतसे पसरतात. साधारण ३५-४० मीटरच्या पुढे त्यांचा भरवसा नाही. एवढ्या अंतरावर डोळ्याला दिसते तेवढे पुरे असते. अशा बंदुकीवर दुर्बीण बसवणे म्हणजे बैलगाडीला मोटारीचा आरसा लावण्यासारखे आहे.

आकडे काय सांगतात?

दुर्बिणीवर ४×३२ असे आकडे असतात. पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसते तो, दुसरा पुढच्या भिंगाची रुंदी मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागले की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. ४×३२ मध्ये ती ८ मिलिमीटर, तर ९×४० मध्ये ४.४ मिलिमीटर. अंधारात तरुण माणसाची बाहुली ७ मिलिमीटरपर्यंत उघडते, वय वाढले की कमी. म्हणजे पट वाढवले की चित्र मोठे होते, पण काळोखे होते. दुकानदार मोठा आकडा दाखवून भुलवतो. संध्याकाळी उपयोगाची असते ती कमी पटीची दुर्बीण.

स्वस्त नेमदुर्बिणीत आणखी एक दोष आढळतो. तिला डोळा फार जवळ न्यावा लागतो, आणि बंदुकीचा धक्का बसला की भुवई फुटते.

सर्वांत मोठा धोका

बंदुकीवरच्या दुर्बिणीतून पाहायचे तर नळी त्या दिशेला रोखावी लागते. हालचाल डुकराची की पाण्याची पाळी द्यायला आलेल्या शेजाऱ्याची, हे समजण्याआधीच बंदूक त्याच्यावर धरलेली असते आणि बोट चापाजवळ असते. भिंगातून आजूबाजूचेही फार थोडे दिसते. डुक्कर समजून माणसावर गोळी झाडल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्या अशाच अंधारातल्या असतात. .२२ ची लहानशी गोळीसुद्धा दीड मैलापर्यंत घातक ठरू शकते. झाडीमागे कोणाचे घर आहे हे ती पाहत नाही.

त्यापेक्षा गळ्यातली दुर्बीण घ्या

राखणदाराला खरी गरज असते ती लांबून ओळखण्याची. त्यासाठी दोन डोळ्यांची साधी दुर्बीण चांगली. घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. ७×५० ची दुर्बीण रात्रीसाठी उत्तम, पण वजन सुमारे एक किलो. ८×४० हलकी आणि बहुतेकांना पुरेशी. १० पटीच्या पुढे हात थरथरतो व चित्र हलते.

२. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे रोखा. मागच्या भिंगात प्रकाशाचा ठिपका पूर्ण गोल व स्वच्छ दिसला पाहिजे. कडा कापलेल्या दिसल्या तर प्रकाश वाया जातो.

३. लालभडक चकाकीची भिंगे टाळा. त्यांत प्रकाश कमी येतो.

४. दूरचा विजेचा खांब पाहा. एकाचे दोन दिसले किंवा डोके जड झाले, तर ती घेऊ नका.

५. सूर्याकडे कधीही पाहू नका. डोळा कायमचा जाईल.

पावसाळ्यात आपल्याकडे भिंगांवर बुरशी चढते. दुर्बीण ओलसर पिशवीत न ठेवता ओलावा शोषणाऱ्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. धूळ आधी फुंकून मग मऊ सुती कापडाने पुसा. मात्र मिट्ट काळोखात कोणतीही साधी दुर्बीण काही दाखवत नाही. चांदणे किंवा चांगली बॅटरी सोबत हवी.

डुक्कर दिसल्यावर

चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून पाळी लावावी, डबे वाजवावेत, उजेड टाकावा. एकट्याने पाठलाग करू नये. सौर कुंपणाचा झटका क्षणभराचा असतो, तो जनावराला पळवतो. घरच्या विजेची तार बांधाला सोडणे मात्र कधीही नको. तिने माणसे मेली आहेत आणि सोडणारे तुरुंगात गेले आहेत. नुकसान झाले तर पीक न हलवता फोटो काढा, वनखात्याला लगेच कळवा आणि पंचनामा करून घ्या. भरपाईचा अर्ज त्यावरच उभा राहतो.

पीक पुढच्या वर्षी पुन्हा येईल, शेजारी येणार नाही. पाचवी आज्ञा आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केली. ती रात्रीच्या राखणीलाही लागू आहे. तेव्हा बांधवांनो, आधी ओळखा, मग हाका घाला, आणि बंदूक कुलपात राहू द्या.