विज्ञानाची रेषा : वैज्ञानिक चित्रकलेच्या उच्च शिक्षणाची वाट

कल्याण–नगर मार्गावर आळेफाट्याच्या पूर्वेस जुन्नर तालुक्यातील राजुरी हे गाव लागते. कांदा, भाजीपाला व दुधाचा जोडधंदा यांवर या परिसरातील शेतकऱ्यांचा प्रपंच चालतो. अशा गावातील शाळेत जास्वंदीच्या फुलाचा उभा छेद किंवा बेडकाची पचनसंस्था हुबेहूब काढणारा एखादा विद्यार्थी हटकून असतोच. त्याची वही वर्गभर फिरते, शिक्षक शाबासकी देतात. परंतु दहावीचा निकाल लागला, की घरात प्रश्न उभा राहतो : मुलाने विज्ञान शाखेला जावे की चित्रकलेला? एक निवडावे तर दुसरे सुटते. सुटते ते बहुधा चित्रच असते. कारण चित्रकला हा छंद आणि विज्ञान ही विद्या, अशी आपल्याकडे समजूत आहे. ही समजूत कितपत खरी आहे, हे वैज्ञानिक चित्रकलेकडे पाहिले म्हणजे कळून येते.

छायाचित्र असताना चित्र कशासाठी?

छायाचित्र हे समोरच्या एका वस्तूचे असते. वैज्ञानिक चित्र हे त्या वस्तूच्या जातीचे असते. कॅमेरा पानावरील कीड, फाटलेली कडा आणि सावली हे सारे सारख्याच निष्ठेने टिपतो. चित्रकार मात्र अनेक नमुने तपासून, जातीची ओळख पटविणारी लक्षणे तेवढी रेखाटतो. फांदी, फूल, फुलाचा छेद, पुंकेसर, फळ व बी ही सर्व अंगे एकाच पृष्ठावर, प्रत्येकाचे प्रमाण दर्शवून मांडता येतात. सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या आरेखन उपकरणातून बाह्यरेषा घेतली जाते आणि काळ्या शाईच्या ठिपक्यांनी उठाव दिला जातो. प्रकाश वरच्या डाव्या बाजूने येतो, हा संकेत रूढ आहे. शैवाले व जीवाश्म वनस्पती यांच्या नव्या जातींना नाव देताना तर चित्र किंवा छायाचित्र जोडणे आंतरराष्ट्रीय नियमांनुसार बंधनकारक आहे.

पुरातत्त्वातही हीच गोष्ट आढळते. कुकडीकाठच्या बोरी येथे ज्वालामुखीच्या राखेचा थर आणि त्याच्या सान्निध्यात अश्मयुगीन हत्यारे सापडली आहेत. या राखेच्या वयाबद्दल संशोधकांत मतभेद असले, तरी तिच्यामुळे हे गाव जगभरच्या अभ्यासकांना ठाऊक झाले. अशा दगडी हत्याराचे रेखाटन करताना प्रत्येक छिलका कोणत्या दिशेने उडविला गेला, हे रेषांच्या वळणांतून दाखवावे लागते. दगड कसा घडविला गेला हे ज्याला उमगले नाही, त्याला तो काढताही येत नाही. हात आणि ज्ञान यांची फारकत येथे चालत नाही.

जुन्नरचा वारसा

या विद्येचा जुन्नर तालुक्याशी जुना संबंध आहे. स्कॉटलंडहून आलेले डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे 1838 पासून पुण्याजवळील दापुरी, म्हणजे आजच्या दापोडी, येथील सरकारी वनस्पती उद्यानाचे अधीक्षक होते. जुन्नरजवळच्या हिवरे येथेही त्यांच्या देखरेखीखाली औषधी व उपयुक्त वनस्पतींची बाग होती. 1847 ते 1850 या काळात गिब्सन यांनी एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून वनस्पतींची जलरंगातील चित्रे काढून घेतली. यांतील दीडशेहून अधिक चित्रे आज एडिंबरो येथील रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये जतन केलेली आहेत. हेन्री नॉल्टी यांनी 2002 मध्ये त्यांवर सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला.

या संग्रहातील वनस्पतींना नावे आहेत, उद्यानाच्या अधीक्षकाचे नाव आहे. नाव नाही ते चित्रकाराचे. ज्याच्या बोटांनी हे ज्ञान कागदावर उतरविले, त्याची गणना हाताखालच्या कारागिरांत झाली. पुढे काळ पालटला. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय उपखंडातील पक्ष्यांवरील इंग्रजी ग्रंथाच्या चित्रकारांत गोव्याचे कार्ल डिसिल्वा यांचे नाव सन्मानाने छापले गेले. उच्च शिक्षणाचे महत्त्व नेमके येथे आहे. पदवीमुळे हाताला कसब येतेच असे नाही. परंतु संशोधकाच्या शेजारी बरोबरीने बसण्याचा अधिकार तिच्यामुळे मिळतो.

शिक्षणाची वाट

केवळ या विषयाला वाहिलेली स्वतंत्र पदव्युत्तर पदवी आपल्या विद्यापीठांत अद्याप रूढ झालेली नाही. तथापि उपलब्ध अभ्यासक्रमांतून वाट काढता येते. तिचा आरंभ शाळेतच होतो. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा खेड्यातील विद्यार्थ्यालाही देता येतात.

बारावीनंतर दोन मार्ग फुटतात. पहिला मार्ग वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा भूशास्त्र घेऊन विज्ञानाची पदवी मिळविण्याचा व रेखाटनाचा सराव चालू ठेवण्याचा. दुसरा मार्ग 1857 मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या सर ज. जी. कला विद्यालयासारख्या संस्थेतून कलेची पदवी घेण्याचा व विज्ञानाचे वाचन न सोडण्याचा.

हे दोन्ही मार्ग पुढे एकत्र येऊ शकतात, ही बाब पालकांनी आवर्जून ध्यानात घ्यावी. मुंबईच्या आयआयटीमधील, 1969 साली सुरू झालेल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात संप्रेषण अभिकल्पाची पदव्युत्तर पदवी घेता येते. तिच्या ‘सीड’ या प्रवेशपरीक्षेस बारावीनंतर किमान तीन वर्षांची पदवी पुरेशी असते. ती कलेचीच असावी, अशी अट नाही. म्हणजेच वनस्पतिशास्त्राचा पदवीधरही तेथे बसू शकतो. पुरातत्त्वाची ओढ असणाऱ्यांसाठी पुण्याचे डेक्कन कॉलेज आहे. या संस्थांत पुढे पीएच.डी.चीही सोय आहे.

परदेशात ही शाखा अधिक रुजलेली आहे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात वैद्यकीय चित्रकलेचा विभाग 1911 मध्ये माक्स ब्रोडेल यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. कॅनडातील टोरांटो व नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट येथेही पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. दापुरीची चित्रे जेथे आहेत, त्या एडिंबरोच्या उद्यानातही वनस्पतिचित्रणाचे शिक्षण दिले जाते.

अडचणी व उपाय

ही वाट सोपी आहे, असे मात्र कोणी मानू नये. परदेशी शिक्षणाचा खर्च शेतकरी कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा असतो. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे. अन्य काही प्रवर्गांसाठीही योजना आहेत. परंतु त्यांत संस्थेच्या जागतिक क्रमवारीची अट असते. म्हणून अभ्यासक्रम निवडण्यापूर्वीच ती तपासून पाहावी. कायम नोकरीच्या जागाही थोड्या आहेत. सर्वेक्षण संस्था, संग्रहालये, पाठ्यपुस्तके, निसर्गविषयक प्रकाशने आणि संशोधकांकडून मिळणारी कामे यांवर उपजीविका उभी करावी लागते. संगणकावरील आरेखन आता शिकलेच पाहिजे. मात्र यंत्र बदलले तरी निरीक्षणाची सवय बदलत नाही.

ही सवय लावून घेण्यास राजुरीत कोणतेही शुल्क पडत नाही. बांधावरचे एक झुडूप घ्यावे. पालवी, कळी, फूल, फळ व बी अशा अवस्थांत ते वर्षभर पुनःपुन्हा काढावे. प्रत्येक चित्राखाली तारीख, ठिकाण व प्रमाण लिहावे. प्रवेशाच्या वेळी परीक्षक गुणपत्रिकेइतकेच अशा कामाच्या संग्रहाकडे लक्ष देतात. आणि चित्राखाली आपले नावही स्पष्ट अक्षरांत लिहावे. दापुरीच्या चित्रकाराला जे लाभले नाही, ते त्याच्या आजच्या वारसाने वहीच्या पहिल्या पानापासूनच जपावे.