देठ न तोडता

रत्नागिरीच्या आंबा बागायतदाराला कलमाचे दोन प्रकार ठाऊक असतात. कोय कलमात नुकत्याच रुजलेल्या रायवळाच्या रोपावर हापूसची तोडून आणलेली काडी बसवतात. भेट कलम त्याहून जुनं आणि सबुरीचं. त्यात हापूसची फांदी झाडावरून तोडायचीच नाही. रायवळाचं रोप कुंडीसकट तिच्याजवळ न्यायचं, दोघांची साल थोडी तासायची आणि तासलेल्या जागा जुळवून घट्ट बांधायच्या. दोन-तीन महिने फांदी मूळ झाडाच्याच रसावर जगते. सांधा एकजीव झाला, की मगच तिला वेगळं करायचं.

स्तनांचा आकार कमी करण्याची शस्त्रक्रिया नेमकी याच युक्तीवर उभी आहे. या शस्त्रक्रियेत जास्तीचं ऊतक काढणं तसं सोपं. खरा पेच स्तनाग्राचा. स्तन फार जड झाला की स्तनाग्रही खाली ओघळतं. गळ्याखालच्या खळगीपासून साधारण २१ ते २३ सेंटिमीटरवर त्याची नवी जागा धरतात. काही जणींमध्ये ते ३० च्याही पुढे गेलेलं असतं. म्हणजे त्याला सात-आठ सेंटिमीटर वर न्यायचं, तेही जिवंत ठेवून. रक्त तुटलं तर ते काळं पडून गळून जाईल.

कातडी जिवंत ठेवून तिची जागा बदलण्याची ही विद्या जगाने पाहिली ती पुण्याजवळ. इंग्रज फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभर तो नाकाविना राहिला. मग विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याला नवं नाक बसवलं. मेणाचा पातळ पत्रा तुटक्या नाकावर बसवून त्याने माप घेतलं, तो कपाळावर सपाट पसरून भोवती रेघ मारली आणि तेवढी कातडी सोलून खाली वळवली. दोन डोळ्यांच्या मधली चिंचोळी पट्टी मात्र त्याने शाबूत ठेवली. कातडीला रक्त मिळत होतं ते तिच्यातून. सुमारे पंचविसाव्या दिवशी, नाकाने मूळ धरल्यावर, ती पट्टी कापली. लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये ही हकिकत छापली आणि युरोपातले सर्जन चकित झाले.

स्तनाच्या शस्त्रक्रियेतही सुरुवात रेघेनेच होते. बाई उभी असतानाच सर्जन पेनने आखणी करतात, कारण आडवं झाल्यावर स्तन पसरतो आणि मापं चुकतात. अमेरिकेतल्या रॉबर्ट वाइज यांनी १९५६ मध्ये ब्रा कशी बेततात याचा अभ्यास करून एक नमुना बसवला. आजही अनेक सर्जन तो आखतात. भूल दिल्यावर स्तनाग्राभोवतीचं गडद वर्तुळ बेताचं करतात. मग त्याला धरून राहणारा ऊतकाचा एक रुंद देठ आखतात आणि देठावरच्या कातडीचा अगदी वरचा पापुद्रा तासून काढतात. खाली पांढुरका थर दिसतो, त्यावर रक्ताचे बारीक ठिपके उमटतात. कातडीलगतचं रक्तवाहिन्यांचं हे जाळं किती मोलाचं, ते एमिल श्वार्त्समान यांनी १९३० मध्ये दाखवून दिलं होतं.

देठ खालून ठेवता येतो, वरून किंवा छातीच्या मधल्या हाडाच्या बाजूनेही. त्याच्या आजूबाजूचं जास्तीचं ऊतक काढून त्याचं वजन करतात आणि तपासणीला पाठवतात. देठ वळवून स्तनाग्र नव्या जागी बसवतात, कातडी त्याभोवती जुळवून शिवतात. वर्तुळाभोवती एक व्रण, त्याखाली उभी रेघ आणि बऱ्याचदा स्तनाखालच्या घडीत आडवी रेघ उरते. व्रण फिके व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं.

स्तन फारच मोठा असेल, तर लांबलचक देठातून रक्त पोचेलच याची खात्री नसते. तेव्हा स्तनाग्र पूर्ण सुटं करून नव्या जागी लावतात. मॅक्स थोरेक यांनी १९२२ मध्ये ही रीत मांडली. हे झालं कोय कलम. स्तनाग्र जगतं, पण दुधाच्या नळ्या तुटतात आणि पूर्वीची संवेदना बहुतेक जाते.

देठाच्या पद्धतीत मात्र भेट कलमाच्याही पुढची गंमत आहे. तिथे शेवटी फांदी तोडावी लागते, कावसजीचीही पट्टी कापावी लागली. स्तनातला देठ कधीच तोडत नाहीत. म्हणून पुढे अनेक जणी बाळाला पाजूही शकतात, जरी आधी त्याची हमी कुणी देऊ शकत नाही.

इतका खटाटोप कशासाठी? मान-पाठ सतत दुखते, ब्राच्या पट्ट्या खांद्यात रुततात, कोकणच्या दमट हवेत स्तनाखाली घाम साचून कातडी सोलवटते. पळणं, पोहणं नकोसं होतं. टेनिसपटू सिमोना हालेपने २००९ मध्ये, सतराव्या वर्षी ही शस्त्रक्रिया करून घेतली आणि २०१९ मध्ये विम्बल्डन जिंकलं. तरीही ही दोन-चार तासांची, पूर्ण भुलीखालची मोठी शस्त्रक्रिया आहे. संवेदना कमी होणं, जखम उसवणं, क्वचित स्तनाग्राचा रक्तपुरवठा तुटणं हे धोके आहेत. धूम्रपानाने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून ते आधीच बंद करायला लावतात.

सर्जनकडे गेल्यावर ‘किती लहान होईल?’ हा प्रश्न सगळ्याच जणी विचारतात. त्याबरोबर ‘स्तनाग्र कोणत्या देठावर ठेवणार?’ हेही विचारावं. दूध, संवेदना या प्रश्नांची उत्तरं बरीचशी त्याच उत्तरावर ठरतात.