लाखेच्या दाण्यातील नत्र

नागपूरच्या पूर्वेस, भंडारा-गोंदियाकडील धानपट्ट्यात, लाख ऊर्फ लाखोळी हे पीक जुने आहे. कापणीपूर्वी, बांधीत ओल असतानाच, उभ्या धानात तिचे बी फेकतात. नांगरट नाही, खत नाही. या उतेरा पिकास नत्र कोठून मिळतो, हे मुलांना दाखविणे सोपे आहे. निळी फुले आलेले एक रोप मुळासकट उपटून मुळावरील एखादी गाठ नखाने फोडावी. ती आतून तांबूस निघाली, तर तीतील सूक्ष्म जंतू हवेतील नत्र बांधून घेत आहेत, असे समजावे.

हाच नत्र पुढे दाण्यात साठतो. लाखेत शेकडा २५ ते ३० भाग प्रथिने सांगतात. हा आकडा काढताना दाण्यातील एकूण नत्र मोजून त्यास ६.२५ ने गुणतात, कारण प्रथिनांत शेकडा १६ च्या सुमारास नत्र असतो. गोम येथेच आहे. दाण्यातील सर्वच नत्र प्रथिनांत नसतो. त्याचा काही अंश अपायकारक द्रव्यांतही गुंतलेला असतो, आणि मोजणीत दोन्ही एकाच आकड्यात येतात.

युरोपातील ल्युपिन या शेंगवर्गीय पिकाचे उदाहरण बोधप्रद आहे. त्याच्या दाण्यातील अल्कलॉइड नावाची नत्रयुक्त द्रव्ये इतकी कडू असतात, की पुष्कळ दिवस पाणी बदलीत भिजविल्यावाचून ते खाववत नाहीत. जर्मनीत राइनहोल्ड फॉन झेंगबुश यांनी १९२० नंतरच्या दशकात असंख्य रोपे तपासून ही द्रव्ये अत्यल्प असलेली निवडली. तेच गोड ल्युपिन. येथे गोड म्हणजे साखरेचे नव्हे. कडू नाही इतकेच.

लाखेचे दुर्दैव असे, की तिच्यातील विषारी द्रव्य कडू नाही. ते ओडीएपी नावाचे, प्रथिनांत न आढळणारे अमिनो आम्ल होय. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राव, अदिगा व शर्मा यांनी १९६४ साली त्याची ओळख पटविली. जिभेकडून इशारा मिळत नाही, आणि अवर्षणात इतर पिके बुडाली तरी लाख तगते. मग गरिबाच्या घरी तीच दोन्ही वेळचे अन्न होते. असे काही महिने गेले म्हणजे पाय ताठरतात, टाचा टेकत नाहीत, धडधाकट मनुष्य काठीवर येतो. आयुर्वेदात या व्याधीस कलायखंज म्हणतात. सागर भागात १८२९ नंतरच्या नापिकीच्या वर्षांत अशी पुष्कळ माणसे पांगळी झाल्याचे स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे. हाच भाग पुढे १८६१ साली नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रांतात आला.

लाखेच्या विक्रीवर १९६१ साली केंद्रीय नियमान्वये बंदी आली, तरी घरच्या शेतातील डाळ घरी शिजतच राहिली. रतन, प्रतीक, महातिवडा या सुधारित वाणांत ओडीएपी शेकडा ०.१ भागाहूनही कमी असते. ल्युपिनच्या बाबतीत झाली तशीच ही निवड होय. ओडीएपी पाण्यात विरघळते. म्हणून डाळ भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून दिल्यास त्याचा बराच अंश निघून जातो. काही जीवनसत्त्वेही जातात, पण तो तोटा पत्करण्याजोगा आहे. कोरडेच दळलेल्या पिठात हा लाभ नाही.

अख्खा दाणा पाचरीसारखा कोनदार असल्याने तुरीपासून सहज ओळखता येतो. डाळ झाल्यावर मात्र ओळखणे कठीण. ज्या घरी लाख हेच मुख्य अन्न आहे, तेथील मूल चालताना पाय ओढू लागले, तर शिक्षकाने पालकांकडून डाळ तत्काळ बंद करवावी व मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. वेळीच डाळ थांबल्यास दुखणे सहसा पुढे वाढत नाही; एकदा जडलेले पांगळेपण मात्र जात नाही.