झाड वाजवून बघा

मडके विकत घेताना आपण काय करतो? टिचकी मारून बघतो. खणखणीत वाजले तर घेतो, बद्द वाजले तर ठेवून देतो. फणस पिकला का, हेही आपण थापटूनच ओळखतो. मग दारातले मोठे झाड आपण कधी वाजवून बघितले आहे का?

कोयनानगरला वर्षाला सरासरी ५,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एवढे पाणी जागच्या जागी साठले, तर एकावर एक उभी राहिलेली तीन माणसे त्यात बुडायची. अशा पावसात माती लोण्यासारखी मऊ होते. मुळांची पकड सैल होते. त्यात मुळे कुजलेली असतील, तर वारा नसतानाही झाड आडवे होते.

आमच्या शाळेजवळ रस्त्याच्या कडेला एक जुना आंबा होता. मुले त्याच्याखाली एस.टी.ची वाट बघत उभी राहत. एका वर्षी बुंध्याशी तांबूस अळंबी आली. वार्निश लावल्यासारखी चकचकीत. पोरांनी ती काठीने पाडली. आम्ही एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारले. तो म्हणाला, "गुरुजी, झाड हिरवंगार हाय. त्याला काय धाड भरलीय?" आम्हालाही ते पटले. पुढच्या आषाढात तो आंबा रस्त्यावर कोसळला. रात्र होती, म्हणून बरे! सकाळी मुळे हातात घेतली, तर चुरा झाला. पाने मात्र अजून हिरवी होती.

आमची चूक कुठे झाली, ते सांगतो.

अळंबे म्हणजे काय?

आंबा हे जसे झाडाचे फळ, तसे अळंबे हे बुरशीचे फळ. खरी बुरशी लाकडाच्या आत असते. तिचे धागे केसाहून बारीक असतात. ते लाकूड खात खात पसरतात. अळंबे पाडले तरी रोग जात नाही. फक्त खूण जाते.

फणसाच्या खोडावर फणसोंबा येतो, तो आपल्याला ठाऊक आहे. लहान मुलांच्या तोंडाच्या विकारावर तो उगाळून लावायची जुनी चाल आहे. माणसाला ते औषध वाटते. फणसाच्या दृष्टीने मात्र ती दुखण्याची खूण आहे.

मग झाड हिरवे कसे राहते? पाणी वर नेणारे जिवंत लाकूड सालीलगत असते. आतला गाभा फक्त आधाराला असतो. गाभा कुजला तरी पानांना पाणी मिळत राहते. म्हणून नुसती पाने बघून झाड धड आहे, असे म्हणू नये.

पोकळ झाड तोडायचे का?

थांबा, घाई नको. बांबू पोकळ असतो, तरी वाऱ्यात उभा राहतो. जर्मनीतले शास्त्रज्ञ क्लाउस माथेक यांनी यासाठी एक ठोकताळा दिला आहे. बुंध्याच्या मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर धरावे. त्यातला बाहेरचा तिसरा हिस्सा धड असेल, तर झाड बहुधा टिकते. अंतर ३० सेंटीमीटर असेल, तर सभोवार १० सेंटीमीटर धड लाकूड हवे. पण एका अंगाला मोठे भोक असेल किंवा मुळे कुजली असतील, तर हा हिशेब लागू पडत नाही.

आपल्या धरणाचेच बघा ना. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला. धरणाला भेगा पडल्या. म्हणून धरण पाडले नाही, की भेगांकडे डोळेझाकही केली नाही. तपासणी झाली, भेगा भरल्या, मागून काँक्रीटचे आधार दिले. धरण आजही उभे आहे. झाडाचेही तसेच करावे. भिऊन तोडू नये आणि मायेपोटी डोळे मिटू नयेत.

तपासावे कसे?

वर्षातून दोनदा बघावे. एकदा वैशाखात, पावसाआधी. एकदा भाद्रपद-आश्विनात, कारण अळंबी तेव्हा दिसतात. खालून वर बघत जावे.

१. मुळे : बुंध्याशी अळंबी आहेत का? झाड नव्याने कलले आहे का? कललेल्या बाजूच्या मागची माती उचलली आहे का? असेल तर त्याखाली थांबू नये.

२. बुंधा : लाकडी मोगरीने सभोवार ठोकावे. टणक आवाज आला तर ठीक. ढोलासारखा घुमला तर आत पोकळी आहे. भोकातून भुसा पडत असेल, तर भिरूड लागला आहे.

३. बेचके : दोन मोठ्या फांद्या जिथे फुटतात तिथे भेग आहे का, ते बघावे.

४. शेंडा : शेंड्याकडून फांद्या वाळत आहेत का? सावर आणि पळस आपल्या वेळेला पाने टाकतात. तो रोग नव्हे.

उपाय कोणता?

अमेरिकेच्या वनखात्यातल्या अॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडे चिरून बघितली. त्यांना दिसले, की झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड तिच्याभोवती कूड घालते आणि कूज आतच कोंडते. म्हणून झाडाचा हा कूड आपण मोडू नये. ढोली खरवडू नये. तिच्यात सिमेंट भरू नये. मोहोळासाठी बुंध्याशी जाळ करू नये. वाळकी फांदी कापताना तिच्या बुडाशी असलेले फुगीर कडे राखावे. खुंटही ठेवू नये.

फांदी हलकी केली की कित्येक झाडे वाचतात. धोका फार असेल, तर मात्र झाड उतरवावे. पण आंबा, फणस, जांभूळ, हिरडा ही झाडे आपल्या मालकीची असली, तरी १९६४ च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते. आधी वनखात्याच्या कचेरीत विचारावे. झाड विजेच्या तारेजवळ असेल, तर वीज बंद झाल्याशिवाय हात लावू नये.

रानातले पोकळ झाड मात्र राहू द्यावे. तिथे कोणी झोपत नाही, कोणी एस.टी.ची वाट बघत नाही. उलट त्या ढोलीत धनेश पक्षी अंडी घालतो, पोपट आणि पिंगळे राहतात.

तर मंडळी, येत्या वैशाखात मोगरी घेऊन निघा. पहिले झाड शाळेपुढचे बघा.