ऊन नंतर, आधी वारा बघा!

वाळवंटात सायकल चालवायची म्हटलं की आपण आधी उन्हाची चौकशी करतो. घोळक्याने दिवसभर तिथे सायकल हाणलेली माणसं मात्र पहिला प्रश्न विचारतात, "वारा कुठून आहे?"

का, ते कळायला 16 ऑक्टोबर 2016 चा कतारमधला दिवस पुरेसा आहे. जागतिक रोड सायकलिंग अजिंक्यपदाची पुरुषांची शर्यत होती, अंतर 257 किलोमीटर. दोहाहून उत्तरेला वाळवंटात शिरायचं, वळून परत यायचं आणि मग 'द पर्ल' या कृत्रिम बेटावर फेऱ्या मारायच्या. पारा पस्तिशीच्या पुढे. गरज पडली तर शर्यत छोटी करायची तयारीही आधीच झालेली. रस्ता सपाट, चढ औषधालाही नाही. त्यामुळे बहुतेकांचा होरा एकच होता: सगळे एकत्र परतणार आणि शेवटच्या दोनशे मीटरांत काय तो निकाल लागणार.

वाळवंटातलं वळण आलं, वारा आडवा झाला आणि बेल्जियमच्या संघाने एकदम वेग वाढवला. अजून पावणेदोनशे किलोमीटर बाकी होते, तरी घोळक्याची शकलं उडाली. पुढच्या गटात जेमतेम दोन डझन जण उरले आणि त्यात सहा बेल्जियमचे! जर्मनीचे भरवशाचे स्प्रिंटर मागे अडकले. पाठलागात खोडा घालणाऱ्या एका बेल्जियन खेळाडूवर जर्मनीच्या जॉन डेगेनकोल्बने चिडून बाटलीतलं पाणी उडवलं. भर वाळवंटात, जिथे घोटघोट मोजून प्यायचा असतो तिथे!

हे तुकडे पडतात कसे? समोरून वारा असेल तर पुढच्याच्या थेट मागे राहिलं की आडोसा मिळतो. वारा डावीकडून आला की तो आडोसा पुढच्याच्या मागे, पण उजव्या अंगाला सरकतो. म्हणून पहिला स्वार रस्त्याच्या डाव्या कडेला जातो आणि बाकीचे एकेक करत त्याच्या मागे उजवीकडे तिरके लागतात. रस्त्याची उजवी कड आली की रांग संपली. तिथे दहा-पंधरा जणांचीच सोय असते. सोळावा कितीही दमदार असो, त्याला कडेच्या मातीला चिकटून उघड्या वाऱ्यात झुंजावं लागतं. त्याच्या पुढे एक सायकलभर फट पडली, की ती एकट्याच्या जोरावर भरून काढणं जवळपास अशक्य. शहाणे लोक अशा वेळी जुन्या रांगेचा नाद सोडून मागे लगेच नवी तिरकी रांग बांधतात.

या खेळातला उस्ताद होता बेल्जियमचा टॉम बूनेन. 'टूर ऑफ कतार' ही शर्यत 2002 ते 2016 या काळात झाली आणि ती त्याने चार वेळा जिंकली. वाळूचा त्याला जन्मापासून सराव होता असं नाही. त्याच्या मायभूमीत, फ्लँडर्सच्या सपाट शेतांमध्ये, असाच आडवा वारा सुटतो. दोह्यात मात्र त्याला कांस्यावर समाधान मानावं लागलं. रौप्य ब्रिटनच्या मार्क कॅव्हेंडिशला आणि सुवर्ण स्लोव्हाकियाच्या पीटर सागानला. फट पडत असताना पुढच्या गटात सर्वांत शेवटी घुसलेल्यांपैकी एक होता हाच सागान. मला ही शर्यत आधुनिक सायकलिंगमधल्या सर्वांत देखण्या शर्यतींपैकी एक वाटते.

घोळक्यात राहून वाचतं तरी किती? नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनचे प्राध्यापक बर्ट ब्लॉकेन आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये 121 सायकलस्वारांच्या घोळक्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. मधल्या-मागच्या सुरक्षित जागेत हवेचा विरोध एकट्या स्वाराच्या तुलनेत अवघा 5 ते 10 टक्के उरतो! विश्वास बसू नये असाच आकडा आहे. पण आडोशाला वारा लागत नाही म्हणजे अंगही नीट निवत नाही. वाळवंटात ही किंमत चुकवावीच लागते.

आता उष्णतेचा हिशेब. आपलं शरीर अन्नातल्या ऊर्जेचा फक्त 20 ते 25 टक्के भाग पेडलपर्यंत पोहोचवतं, उरलेल्याची उष्णता होते. म्हणजे पेडलवर 200 वॅट लावणारा स्वार अंगात 600 ते 800 वॅटची शेगडी घेऊन फिरत असतो. बाहेरची हवा त्वचेपेक्षा गरम झाली की सुटका एकच, घाम. एक लीटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. अट एवढीच की तो वाळला पाहिजे, टपकलेला घाम वाया. कोरड्या वाळवंटात तो इतक्या झटपट उडतो की घाम आलाच नाही असं वाटतं. पण काळ्या जर्सीवरचे मिठाचे पांढरे नकाशे खरं काय ते सांगतात.

म्हणूनच पाठीवरचा वारा फसवा. तुम्ही ताशी 30 ने चालला आहात आणि वाराही मागून ताशी 30 ने येतो आहे, तर अंगाला लागणारा वारा शून्य! वेग मस्त, पण घाम वाळत नाही. कैरो ते केपटाऊन अशी सुमारे 12,000 किलोमीटरची सामूहिक सायकलस्वारी 2003 पासून निघते. इजिप्तच्या वाळवंटात उत्तरेचा वारा अनेकदा या मंडळींना मागून ढकलतो. तिथे पाणी प्यायचं विसरून चालत नाही.

नुसतं पाणी ढोसूनही चालत नाही. तासाला लीटर-दीड लीटर घाम जातो, त्यासोबत मीठही जातं. वरून फक्त साधं पाणी ओतलं तर रक्तातलं सोडियम घसरतं आणि डोकं दुखणं, मळमळ, गोंधळ सुरू होतो. आपलं मीठ-साखर-लिंबू घातलेलं सरबत इथे अगदी शास्त्रशुद्ध ठरतं. व्यावसायिक संघांची आणखी एक युक्ती म्हणजे बायकांच्या नायलॉनच्या मोज्यात बर्फ भरून ती पुरचुंडी मानेमागे जर्सीत सरकवायची. बर्फ वितळतो, पाणी पाठीवर ओघळतं.

टायर उन्हाने फुटतात, असाही एक समज आहे. हिशेब करून बघा: 25 अंशांवर हवा भरली आणि टायर 50 अंशांपर्यंत तापला, तरी दाब साधारण आठ-नऊ टक्केच वाढतो. खरा वैरी जमिनीवर असतो. पश्चिम अमेरिकेच्या कोरड्या मुलखात सायकलवाल्यांना रडवणारा काटा म्हणजे आपला सराटा! हो, तोच तो, माळरानावर पायात घुसणारा गोखरू. मूळचा आपल्याकडच्या जुन्या जगातला, तिकडे जाऊन माजला. फळ वाळलं की त्याचे पाच तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याला दोन दणकट काटे असतात आणि तो कसाही पडला तरी बहुधा एक काटा वरच राहतो. आयडाहोतल्या बॉयसी शहरात सायकलप्रेमी ही रोपं उपटायच्या मोहिमाच काढतात.

याच अमेरिकेतल्या 'रेस अक्रॉस अमेरिका'त मराठी मुलखाने नाव काढलं आहे. सुमारे 4,800 किलोमीटरची ही शर्यत जूनमध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरून सुटते आणि थोड्याच तासांत स्वार डोंगरावरून हजारेक मीटर खाली, बोरेगो स्प्रिंग्जच्या भट्टीत उतरतात. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 मध्ये दोघांच्या गटात ती मुदतीआत पूर्ण केली. एक सायकलवर, दुसरा गाडीत विश्रांतीला, अशी आळीपाळी. 2017 मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ यांनी एकट्याने ती पार केली. तोवर एकाही भारतीयाला हे जमलं नव्हतं. एकट्याच्या गटात दुसऱ्याच्या आडोशाला राहायला मनाई असते, हे लक्षात घेतलं की या कामगिरीची उंची कळते.

आणि जुनी एक गोष्ट. 1890 च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात सोन्याच्या खाणी निघाल्या तेव्हा वाळवंटात रस्ते नव्हते. तिथल्या सायकलस्वारांनी उंटांच्या पायवाटा धरल्या. उंटाचे पाय मऊ आणि पसरट, त्यांनी माती दाबून छान सपाट पट्टा तयार झालेला. याच मुलखातून 1896 मध्ये आर्थर रिचर्डसन हा तरुण नलारबॉरचं मैदान ओलांडून 31 दिवसांत ॲडलेडला पोहोचला.

तुम्हाला चव घ्यायची असेल तर आपलं थर आहेच. जैसलमेर ते तनोट साधारण 120 किलोमीटर, ग्रूपने जायला एका दिवसाचं उत्तम अंतर. डिसेंबर-जानेवारीत जा, उजाडताच निघा. ऐन उन्हाळ्यातच जायचा हट्ट असेल तर आधी दहा ते चौदा दिवस उन्हात थोडा थोडा सराव करा. तेवढ्या काळात शरीर लवकर घाम गाळायला आणि त्यातलं मीठ वाचवायला शिकतं. पुढे राहून वारा झेलायची पाळी सगळ्यांनी घ्या. आणि सोबतचा कुणी असंबद्ध बोलायला लागला किंवा झोकांड्या देऊ लागला, तर पुढचा मुक्काम विसरा. त्याला सावलीत घ्या, अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि लगेच डॉक्टर गाठा.