ढोरांच्या पोटातलं प्लॅस्टिक



बेणं, लागण, खोडवा यांवर आम्ही नेहमीच लिहितो. या अंकात गोठ्याविषयी लिहीत आहोत. उमरखेड, महागाव, पुसद या पट्ट्यात बैलजोडी व दुभती जनावरं सांभाळणारे सभासद आहेत. प्लॅस्टिकपायी जनावर दगावलं तर ते नुकसान उसाच्या बिलातून भरून निघत नाही.

गाय-बैल शेळीसारखे निवडून खात नाहीत. जिभेनं घास ओढायचा, अर्धामुर्धा चावून गिळायचा आणि मग निवांत बसून रवंथ करायचा, ही त्यांची रीत. शिळं अन्न पिशवीत गाठ मारून फेकलं की ढोर वासानं पिशवीसकट गिळतं. प्लॅस्टिक पचत नाही, कुजत नाही. कोठीपोटात साठून, दोऱ्या-सुतळ्यांत गुंतून त्याचा गोळा होतो व पुढची वाट अडते. पोट भरलेलं दिसतं, पण जनावर उपाशीच असतं. सोबत तार-खिळा गेला तर तो जाळीपोट भेदून हृदयापर्यंत पोचू शकतो.

खाणं कमी होणं, रवंथ मंदावणं, दूध आटणं, पोट वारंवार फुगणं, शेण थोडं पडणं ही लक्षणं दिसताच पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. घरगुती काढ्यात दिवस घालवू नयेत. प्लॅस्टिक विरघळवणारं औषध नाही. डावी कूस उघडून ते काढावं लागतं, आणि जनावर खंगल्यावर शस्त्रक्रिया झेपत नाही.

राज्यात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनं प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या अनेक वस्तू देशभर बंद झाल्या. तरी आठवडी बाजारातून पिशवी घरी येतेच, आणि उकिरड्यावर पडली की शेणखताबरोबर वावरात जाते. खताच्या गोणीचं अस्तर, औषधाच्या पुड्या, ठिबकच्या नळीचे तुकडे तर आपण स्वतःच बांधावर टाकतो. ऊस तुटल्यावर ढोरं सोडतो तीही त्याच वावरात.

तरी सभासदांनी एवढं करावं :
१) शिळं अन्न, भाजीची देठं पिशवीविना टोपल्यात द्यावी.
२) शेणखत भरताना प्लॅस्टिक वेचून काढावं. ते जाळू नये, भंगारात द्यावं.
३) ढोरं सोडण्यापूर्वी वावरातून एक फेरी मारावी.
४) क्षारांची उणीव असलेलं जनावर नको ते चघळतं. मोठ्या जनावरास रोज ३० ते ५० ग्रॅम क्षारमिश्रण द्यावं.

पोळ्याला ज्याच्यापुढे हात जोडतो, त्याच्या तोंडात वर्षभर काय जातं, तेही बघितलं पाहिजे.

— ऊस विकास अधिकारी