बोरी येथील ज्वालामुखी राख
पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात बोरी येथे कुकडी नदीच्या गाळात आढळणारा राखेचा थर. ही राख सिलिकाविपुल काचकणांची असून दख्खनच्या सु. ६.६ कोटी वर्षे जुन्या बेसाल्टाशी तिचा संबंध नाही. ती सुमात्रातील टोबा ज्वालामुखीची आहे. थराच्या सान्निध्यात अश्यूलियन परंपरेतील दगडी हत्यारे मिळाल्यामुळे तिच्या वयास मानवेतिहासात महत्त्व आले. पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने १९८९ मध्ये हे वय सु. १४ लाख वर्षे, तर आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने १९९५ मध्ये सु. ६.७ लाख वर्षे सांगण्यात आले. त्यावरून ही हत्यारे भारतातील अतिप्राचीन हत्यारांत गणली गेली. परंतु काचकणांच्या रासायनिक विश्लेषणावरून १९९८ मध्ये, व पुन्हा २०१४ मध्ये, भारतातील सर्व ज्ञात टोबा राख सु. ७५,००० वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची असल्याचे प्रतिपादन करण्यात आले. राखेत जुने खनिजकण मिसळल्यास आर्गॉनवर आधारित वय वाजवीपेक्षा अधिक येते. शिवाय नदी जुनी हत्यारे व नवी राख वाहून आणून एकत्र साचवू शकते. म्हणून राखेचे वय तेच हत्यारांचे वय, असे मानता येत नाही. त्यासाठी हत्यारे असलेल्या थराचे स्वतंत्र कालमापन करावे लागते.